रस्त्यावरचं पाणी दोन तऱ्हेचं

आंब्याचा हंगाम आवरत आला की आमच्याकडे टायरांचा हंगाम सुरू होतो. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कऱ्हाडकडे रस्ता फुटतो, त्या रस्त्याला माझं दुकान. वडिलांनी ते ट्रकच्या रिमोल्ड टायरांवर उभं केलं. मी गल्ल्यावर बसायला लागले तोवर रिमोल्ड मागे पडले होते आणि उंच गाड्या वाढल्या होत्या. बोलेरो आणि स्कॉर्पिओ आधीपासून होत्याच, मग थार, जिम्नी, फॉर्च्युनर. या गाड्यांचे मालक काउंटरवर कोपर टेकवतात आणि ठरलेलं वाक्य बोलतात.

"ताई, पावसाळा तोंडावर आलाय, एटी टाकून द्या. ग्रिप पाहिजे."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? रस्त्यावर."

"डांबरी की मातीच्या? घाटात की हायवेला?"

इथं गिऱ्हाईक जरा वैतागतं. बाई टायर विकायचं सोडून तोंडी परीक्षा घेतेय, असं त्याला वाटत असणार. पण ग्रिप ही काही टायरच्या आत भरून येणारी वस्तू नाही. ती टायर, रस्ता, पाणी आणि वेग या चौघांच्या भांडणातून उरते. त्यात पाणी कुठल्या तऱ्हेचं आहे, हे आधी कळायला हवं.

एटी म्हणजे ऑल-टेरेन. टायरांच्या भावकीत तो मधला. एका बाजूला एचटी, म्हणजे हायवेचा टायर: सरळ खोल खाचा, त्यांच्यामध्ये जवळजवळ बसवलेलं रबर, आवाज कमी. दुसऱ्या टोकाला एमटी, म्हणजे चिखलाचा: रबराचे मोठे सुटे ठोकळे आणि मध्ये बोट सहज जाईल एवढ्या फटी. एटीनं दोघांचं थोडं थोडं घेतलं. बीएफ गुडरिच या अमेरिकन कंपनीनं १९७६ साली रेडियल बांधणीचा ऑल-टेरेन टायर बाजारात आणला, आणि कामावर मातीत, घरी डांबरावर अशा पिकअप गाड्यांसाठी एकच टायर ही कल्पना तिथून रुजली. आपल्याकडे थारसारखी गाडी कारखान्यातूनच एटीवर उभी राहून येऊ लागली, तेव्हा शहरातल्या लोकांनाही त्या टायरचं रूप आवडायला लागलं. रूप आहेच देखणं. तक्रार रूपाबद्दल नाही.

आता पाण्याकडे येते. आमच्या भागात ते रस्त्यावर दोन तऱ्हेनं भेटतं. एक, साचलेलं. मुंबई-गोवा महामार्गाचा सपाट पट्टा, जोराची सर, कडेचं गटार तुंबलेलं, आणि लेनमध्ये पाण्याचा पट्टा पसरलेला. गाडी ऐंशीनं चाललेली. दुसरं, पसरलेलं. कऱ्हाडच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात पाणी उभं राहत नाही, उतारावरून पातळ थरानं सतत वाहत असतं. त्यात दरडीची लाल माती, कुजकी पानं, वळणावर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल. गाडी तीस-चाळीसनं. पहिल्या पाण्यावर जो टायर चांगला, तो दुसऱ्यावर चांगला असेलच असं नाही. एटीबद्दलचे सगळे वाद, 'मस्त आहे' आणि 'घसरतो' हे दोन्ही, इथून निघतात. दोघं खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या पाण्यावर उभे असतात.

साचलेल्या पाण्याचं गणित सोपं आहे. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग २० सेंटिमीटर रुंद धरा, पाणी ३ मिलिमीटर खोल आणि वेग ताशी ६० किलोमीटर. म्हणजे त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १० लिटर पाणी वाटेतून हटवायचंय. एका सेकंदाला एक बादली, चार चाकांपैकी निदान पुढच्या दोघांना तरी. वेग ऐंशी केला की ती बादली तेरा लिटरची होते. हे पाणी पुढे जाऊ शकत नाही, कारण पुढून टायरच येतोय. ते बाजूला तरी जाणार, नाहीतर खाचांतून मागे. तेवढी वाट मिळाली नाही की पाण्याची पाचर टायरच्या पुढच्या कडेखाली शिरते आणि त्याला उचलून धरते. स्टिअरिंग अचानक हलकं होतं. हलकं लागलं म्हणजे गाडी छान चाललीय असं वाटून काहीजण पाय आणखी दाबतात. खरं तर त्या वेळी पुढची चाकं रस्त्याला लागलेलीच नसतात.

या प्रकाराचा नीट अभ्यास मोटारींसाठी नाही, विमानांसाठी झाला. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमानं घसरत होती म्हणून अमेरिकेच्या नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी प्रयोग केले आणि १९६३ साली अहवाल काढला. त्यातून एक सुटसुटीत नियम मिळाला: टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगेल हे मुख्यतः आतल्या हवेच्या दाबावर ठरतं. दाबाचा पीएसआयमधला आकडा घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि १६.६ नं गुणा; ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळेल. ३६ पीएसआयला शंभर. २५ ला त्र्याऐंशी. १६ ला सहासष्ट. हा हिशेब पाणी खाचांना आवरेनासं झालं तेव्हाचा, किंवा टायर गोटा झालेला असतो तेव्हाचा. खाचा चांगल्या असतील आणि पाणी थोडं असेल तर प्रत्यक्षात वेगाला आणखी सवलत मिळते. तरी ते तीन आकडे मी दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेत. हवा भरायला आलेला माणूस ते वाचतो आणि कुणीतरी फोन नंबर अर्धवट लिहिलाय असं समजून विचारतो.

इथं नव्या एटीची बाजू भक्कम असते. गाडीच्या नव्या हायवे टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते, नव्या एटीची बहुधा दहा ते बारा. जागा जास्त, पाणी जास्त मावतं. कडेचे ठोकळे उघडे असतात, तिथून पाणी बाहेर फेकलं जातं. पण यात एक खोच आहे. चांगल्या एचटीच्या तीन-चार खाचा टायरभोवती अखंड सरळ फिरतात. पाण्याला मागे जायला थेट वाट. एटीची वाट नागमोडी, ठोकळ्यांना वळसे घालत जाणारी. जागा मोठी असली तरी वळणं आली की पाणी अडतं. त्यात मालकाला मूळ मापापेक्षा रुंद टायर हवा असतो. २३५ च्या जागी २६५ घातला की दर सेकंदाला हटवायचं पाणीही त्याच प्रमाणात वाढतं, आणि वजन तेच असल्यानं ते बाजूला सारायचा जोर मात्र पसरून जातो. म्हणून रुंद टायरनं पावसात पकड वाढते हा समज साचलेल्या पाण्यावर नेमका उलटा पडतो.

आता घाट. हा माझा खरा विषय, कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं पोफळीवरून वर जातात किंवा कोयनानगरकडून खाली येतात.

चाळीसच्या वेगाला पाण्यावर तरंगण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मग गाडी का घसरते? कारण खाचांनी कितीही पाणी नेलं तरी शेवटचा एक पातळ पापुद्रा रस्त्यावर राहतोच. तो मोडून रबर खडीला भिडलं तर पकड, नाही भिडलं तर घसरण. हा पापुद्रा मोडायचं काम मोठ्या खाचा करत नाहीत. ते तिघं करतात. एक, खडीचा खरखरीतपणा. दोन, ठोकळ्यावर मारलेल्या केसासारख्या बारीक चिरा, ज्यांना सगळे सायप म्हणतात. टायर दाबला गेला की त्या किंचित उघडतात, पाणी पितात आणि त्यांच्या कडा रस्ता खरवडतात. आणि तीन, रबराचा मऊपणा, म्हणजे खडीच्या टोकांभोवती ते किती लवकर बसतं.

या तीनपैकी पहिलं टायरवाल्याच्या हातात नाही. उरलेल्या दोन्हींत एटीला तडजोड करावी लागते. त्याचा जन्म धोंड्यांसाठी. आमच्या कातळावर जांभ्याची धारदार टोकं असतात; मऊ रबर तिथं तुकड्यातुकड्यानं निघून येईल. म्हणून त्याचं रबर चिवट, न तुटणाऱ्या घडणीचं. आणि फार बारीक चिरा मारल्या तर ठोकळा लेचापेचा होऊन फाटतो, म्हणून त्याही हिशेबानं मारलेल्या. ओल्या डांबरावर पकड धरणारं रबर वेगळ्या घडणीचं असतं. मिशेलिननं १९९२ मध्ये रबरातल्या काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका घालून टायर बाजारात आणला. त्यानं ओल्यावरची पकड सांभाळून इंधन वाचवलं. आज चांगल्या रोड टायरांत सिलिका सर्रास असते. एटीतही नव्या पिढीचे बनवणारे ती घालतात, पण चिवटपणा आणि पकड यांत तराजू कुठे झुकवायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्यामुळे 'एटी पावसात कसा?' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. दोन एटींमधला फरक कधी कधी एटी आणि एचटीमधल्या फरकाहून मोठा निघतो.

शिवाय टेकणारं रबरच कमी. पावणेदोन टनांची गाडी, चार चाकं, हवा ३२: हिशेब केला तर एका टायरची जमिनीला टेकणारी जागा सुमारे १९५ चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे चौदा सेंटिमीटर लांब, चौदा रुंद अशा चौरसाएवढी. एवढ्यावर गाडी. त्यातला फटींचा भाग वजा करा. एटीत तो एचटीपेक्षा जास्त. शिवाय उंच ठोकळे वळणावर आणि ब्रेकखाली डुलतात, त्यानं स्टिअरिंगचा जाब थोडा उशिरा येतो. कोरड्या रस्त्यावर हे फक्त जाणवतं. ओल्या वळणावर ते महागात पडू शकतं.

किती महागात, ते पाहू. पकडीचा गुणांक ओल्या रस्त्यावर ०.५ धरू आणि थोड्या कमी पकडीच्या टायरचा ०.४. ताशी ४० वरून सपाट रस्त्यावर थांबायला पहिल्याला साडेबारा मीटर लागतील, दुसऱ्याला पावणेसोळा. आता घाटाचा सहा टक्के उतार धरा: सव्वाचौदा आणि साडेअठरा. फरक सव्वाचार मीटरचा, आणि तीन दारांची थार चार मीटरलाही किंचित कमी लांब आहे. म्हणजे एक जण जिथं थांबलेला असेल, तिथून दुसरा अजून एक अख्खी गाडी पुढे सरकणार. यात ब्रेक दाबायला पाय उचलेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. गुणांक मी समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या ब्रँडचे नाहीत. पण उतारावर लहानसा फरक कसा फुगतो हे त्यातून दिसतं.

आमच्याकडचे चाचा, वडिलांच्या वेळेपासूनचे फिटर, यावर एवढंच म्हणतात, "ट्रकवाल्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं." आणि खरंच आहे. जुन्या ट्रकला पुढे रिब टायर लागायचे, मागे लग. रिबच्या खाचा सरळ, म्हणून सुकाणू ताब्यात राहायचं. लगचे आडवे ठोकळे मागून ढकलायला. एकच टायर सगळं करेल अशी आशा त्या ड्रायव्हरांनी कधी धरली नाही. आपण धरतो, कारण जाहिरातीत गाडी सकाळी दगडावर चढते आणि संध्याकाळी शहरातल्या दिव्यांखाली उभी असते.

घाटातल्या पावसाचेही दिवस सारखे नसतात. सर्वांत वाईट दिवस जूनच्या पहिल्या सरीचा. उन्हाळाभर साठलेली धूळ, झिजलेलं रबर, गळलेलं ऑइल यांचा त्या थोड्या पाण्यात लगदा होतो, आणि तो धुऊन जाण्याइतका पाऊस अजून झालेला नसतो. चार दिवस सतत कोसळला की रस्ता स्वच्छ होतो आणि उलट बरा धरतो. मग पुढच्या महिन्यात झाडीखालच्या कडांना शेवाळ धरतं, दरडीची माती येते. लाल मातीचा राबडा डांबरावर पसरला की तिथं कुठलाच टायर रस्त्याला टेकत नाही, तो मातीला टेकतो. या एका ठिकाणी मात्र एटी एचटीच्या पुढे जातो. त्याचे ठोकळे मातीत रुततात आणि फिरताना फटीतली माती बाहेर फेकतात. एचटीच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होऊन बसतो. आंबा बागायतदार एटी मागायला आला तर मी एक शब्द बोलत नाही. त्याला बागेपर्यंतची जांभ्याची चढण रोज चढायची असते आणि त्याच्या दृष्टीनं एटी ही चैन नाही, अवजार आहे.

खरी काळजी अर्ध्या झिजलेल्या एटीची. नवा असताना त्याच्यात खोली, चिरा आणि ताजं रबर असं तिन्ही असतं. पण कित्येक एटींच्या चिरा खाचेच्या तळापर्यंत मारलेल्या नसतात. वरचे काही मिलिमीटर झिजले की त्या संपतात. खाच अजून सहा मिलिमीटर असते, ठोकळे अजून दणकट दिसतात, मालक म्हणतो, "अजून दोन पावसाळे काढेल." चिखलात काढेलही. ओल्या डांबरावर मात्र आता चिरा नसलेला, उन्हानं कडक झालेला ठोकळा उरलेला असतो. एचटी झिजला की दिसतो, कुणालाही कळतं. एटी झिजून फसवतो. म्हणून मी वरून बघून सांगत नाही, जवळ बसून चिरा आहेत का ते पाहते आणि नखानं रबर दाबते. कायद्यानं कारच्या टायरची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि तेवढ्या उंचीच्या लहान पट्ट्या खाचांच्या तळाशी ओतलेल्याच असतात. आमच्या पावसासाठी तिथपर्यंत थांबणं मला धाडसाचं वाटतं. तीन मिलिमीटर राहिले की मी बदला म्हणते. ज्यांना मी माल खपवायला म्हणतेय असं वाटतं, त्यांनी दुसरीकडे दाखवून यावं. टायरच्या कडेवर डीओटीनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार वाचून यावं: २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात.

हवेवर मी जरा जास्तच बोलते, असं घरचे म्हणतात. पण समुद्रावर जाणारी मंडळी दर सुट्टीत मला कारण पुरवतात. गुहागरकडे वाळूत गाडी घालायची म्हणून हवा पंधरा-सोळावर आणतात. वाळूत ते बरोबर आहे, टायर पसरतो आणि रुतत नाही. (किनाऱ्यावर गाडी घालावी का, हा वेगळा प्रश्न; माझं उत्तर नाही असं आहे.) मग वर येतात, मासे-भाकरी खातात, आणि पावसातून ऐंशीनं चिपळूण गाठतात. भिंतीवरचा तिसरा आकडा आठवा: सोळाला सहासष्ट. शिवाय कमी हवेचा टायर मधून आत वाकतो आणि त्याच्या खाचा मिटतात, म्हणजे बादली उपसायची नळीच दाबली जाते. हवा पुन्हा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरायला पाच मिनिटं लागतात. एटी जर 'एलटी' शिक्क्याचा, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचा असेल तर तेवढंच वजन पेलायला त्याला स्टिकरपेक्षा जास्त दाब लागू शकतो. ते भार-दाबाच्या तक्त्यावरून ठरवावं, गाडी चालवताना धक्के कमी लागतात का यावरून नाही. आणि हवा सकाळी, चाकं थंड असताना तपासावी. घाट उतरून आलेल्या गरम टायरचा आकडा चढलेला असतो.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते कुठे लावायचे, यावर दुकानात रोज एक तरी वाद होतो. सगळ्यांना पुढे हवे असतात, कारण स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे. मी मागे लावते. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हरला कळतं, पाय सोडला की पुष्कळदा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि कुशल माणसालाही वेळ मिळत नाही. मागे एटी, पुढे एचटी अशी भेसळ तर मी करतच नाही. फोर-व्हील गाडीत चारही टायरांचा घेर सारखा लागतो, आणि ओल्यात पुढची पकड एक, मागची दुसरी झाली की गाडी कधी काय करेल याचा भरवसा राहत नाही.

फोर-व्हीलवरून आठवलं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी निघते चांगली, चढते चांगली. थांबायला त्याचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतो. चढताना आलेला आत्मविश्वास उतरताना कामाचा नसतो, आणि आमच्याकडे कऱ्हाडहून येणाऱ्याला घाटात उतारच लागतो.

आणि कॉजवे. एटी घातलेत म्हणून पाण्यातून गाडी काढतो, असं कुणी म्हणालं की माझा आवाज चढतो. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीनं हे शहर बुडवलं ते आम्ही पाहिलंय. गाडीचा तळ चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद धरला तर सात चौरस मीटर झाला. तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढलं की ते सातशे किलो वजन उचलतं. पंचवीस सेंटिमीटर चढलं की पावणेदोन टन, म्हणजे अख्खी गाडी, निदान आत पाणी शिरेपर्यंत. तोवर प्रवाहानं आपलं काम केलेलं असतं. टायरवर वजनच उरलं नाही तर त्याची नक्षी कुठली आहे याला काय अर्थ?

मग विकत घेताना बघायचं काय? कडेवर एम+एस असतं, कधी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफूल असतं. ते चित्र दाखवून 'सगळ्या हवामानाचा' म्हणून टायर विकले जातात. ते चिन्ह बर्फावरच्या चाचणीचं आहे. कोकणातल्या कोमट पावसाबद्दल ते काही सांगत नाही. युरोपात टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्याच्या पकडीची श्रेणी छापावी लागते, ए ते ई. तोच टायर तिकडेही विकला जात असेल तर त्याच मापाची श्रेणी शोधून पाहावी. माझ्या मते कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते एक अक्षर जास्त बोलतं. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं एआयएस-१४२ हे मानक लागू करण्याची अधिसूचना काढली, त्यात ओल्यावरची पकड, रोलिंगचा विरोध आणि आवाज यांच्या किमान मर्यादा आल्या. चांगली गोष्ट आहे. पण ती पास-नापासाची रेघ. पहिला कोण आला, हे गिऱ्हाइकाला दुकानात उभं राहून कळत नाही.

म्हणून मी तोंडी परीक्षा घेते. वर्षातले किती दिवस गाडी खरोखर मातीत जाते? रोजचा रस्ता कुठला? गाडी घरातलं आणखी कोण चालवतं? उत्तर 'कातळावर घर आहे' असेल तर एटी, तोही ठोकळ्यांवर बारीक चिरा दाट असलेला, मूळ मापाचा. उत्तर 'पुणे-चिपळूण, महिन्यातून दोनदा, आणि फोटो चांगले येतात' असं असेल तर मी चांगला एचटी पुढे ठेवते. काहीजण घेतात. काहीजण एटीच घेऊन जातात, आणि तेही ठीक आहे. वेग दहा-पंधरानं कमी ठेवला आणि पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलं तर वरचं सगळं गणित पुष्कळ सौम्य होतं. वेग निम्मा केला तर थांबायचं अंतर चौथाईवर येतं. एवढी सूट कुठलाच टायर देत नाही.

टायर ठरला की घ्यायचा केव्हा, तर मेमध्ये. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा गुळगुळीत थर असतो आणि चिरांच्या कडाही अजून कामाला लागलेल्या नसतात. पहिले काही शे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर बेतानं चालवले की तो थर जातो. लोक येतात ते गणपतीच्या आदल्या आठवड्यात. मुंबईहून रात्रभर चालून आलेली गाडी, आत सहा माणसं, टपावर सामान, हवा चारही चाकांत वेगवेगळी, आणि बाहेर पाऊस. त्या आठवड्यात चाचा आणि मी सकाळी सहाला शटर उघडतो. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो वाचून या, म्हणजे रांग लवकर सरेल.